गोदाम बांधण्याआधीचा हिशेब

महिन्याची ६ तारीख होती. पुण्याजवळच्या एका वितरक कंपनीत, जिथे वाहनांच्या सुट्या भागांचा घाऊक व्यापार चालतो, मासिक आढावा बैठक सुरू होती. मालकांनी साधा प्रश्न विचारला, "नाशिक डेपोची गेल्या महिन्याची विक्री किती?"

"३ कोटी ४२ लाख, सर," विक्रीप्रमुख म्हणाले. फोनवर असलेल्या डेपो मॅनेजरांकडे आकडा होता ३ कोटी ३१ लाख. अकाउंट्सच्या मॅडमनी लॅपटॉप वळवून दाखवला, तिथे २ कोटी ९६ लाख होते. तिघांपैकी कुणीही खोटं बोलत नव्हतं. विक्रीप्रमुखांनी आलेल्या ऑर्डरी धरल्या होत्या, डेपोने पाठवलेला माल धरला होता, आणि अकाउंट्सने परत आलेला माल व क्रेडिट नोटा वजा करून उरलेली बिलं. पुढची चाळीस मिनिटं तीन एक्सेल शीट एकमेकांशी जुळवण्यात गेली. नाशिकला माल वाढवायचा की कमी करायचा, हे ठरवण्यासाठी बैठक बोलावली होती. तो विषय पुढच्या महिन्यावर ढकलला गेला.

उठता उठता कुणीतरी म्हणालं, "सर, आपण डेटा वेअरहाऊस करून घेऊ." मालकांनी विचारलं, "किती लागतील? आणि परत किती मिळतील?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर आठवड्याभरात कोटेशन होऊन आलं. दुसऱ्याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं.

ते दुसरं उत्तर कसं शोधायचं, गेल्या साडेतीन दशकांत जगभर ते कसं शोधलं गेलं आणि कुठे चुकलं, याचा हा आढावा. अशा प्रस्तावाला उद्योगात 'बिझनेस केस' म्हणतात. पैसे मंजूर करून घेण्याचा अर्ज, अशी त्याची समजूत रूढ आहे. माझ्या मते त्याचं खरं काम वेगळं आहे. प्रकल्प केवढा करायचा, कुठून सुरू करायचा आणि त्याने कोण कोणता निर्णय बदलणार, हे बिझनेस केस ठरवते. गोदामात माल भरून ठेवल्याने कुणाला नफा होत नाही, तो योग्य वेळी बाहेर काढून वापरल्याने होतो. डेटाचंही तसंच आहे.

डेटा वेअरहाऊस म्हणजे काय

रोजचा व्यवहार नोंदवणारी सॉफ्टवेअर वेगळी असतात. बिल टॅलीत किंवा ईआरपीत बनतं, हजेरी दुसरीकडे, डेपोचा स्टॉक तिसरीकडे आणि विक्री प्रतिनिधींच्या भेटी मोबाईल ॲपमध्ये. ही प्रत्येक यंत्रणा एकेक नोंद झटपट करण्यासाठी बांधलेली असते. 'गेल्या तीन वर्षांत मार्चमध्ये उचललेला किती माल सप्टेंबरपर्यंत पडून राहिला?' असं विचारलं की ती अडखळते. डेटा वेअरहाऊस या सगळ्या ठिकाणची माहिती ठरावीक वेळी आणतं, स्वच्छ करतं, एका व्याख्येत बसवतं आणि इतिहासासकट जपून ठेवतं.

ही कल्पना नीट मांडली गेली ती १९८८ मध्ये. आयबीएमच्या बॅरी डेव्हलिन आणि पॉल मर्फी यांनी 'आयबीएम सिस्टिम्स जर्नल'मध्ये तिचा आराखडा प्रसिद्ध केला. १९९२ मध्ये बिल इनमन यांचं 'बिल्डिंग द डेटा वेअरहाऊस' आलं. त्यांनी सांगितलेली चार लक्षणं आजही शिकवली जातात : माहिती विषयवार रचलेली हवी, एकत्र गुंफलेली हवी, काळाची नोंद ठेवणारी हवी आणि एकदा आत आल्यावर न पुसली जाणारी हवी. १९९६ मध्ये राल्फ किंबॉल यांनी 'द डेटा वेअरहाऊस टूलकिट'मधून दुसरी वाट दाखवली. त्यात एकेका व्यावसायिक प्रक्रियेपासून, म्हणजे विक्री, साठा किंवा वसुली यांपासून सुरुवात करून तुकड्या-तुकड्यांनी गोदाम बांधायचं होतं.

इनमन की किंबॉल हा वाद तांत्रिक म्हणून गाजला, पण पैशाच्या प्रस्तावाच्या दृष्टीने तो फार व्यावहारिक आहे. सगळ्या संस्थेचा नकाशा आधी काढायचा ठरवला तर खर्च आधी होतो आणि फळ उशिरा येतं. एका प्रक्रियेपासून सुरुवात केली तर फळ लवकर दिसतं. मात्र तुकडे पुढे एकमेकांना जुळावेत म्हणून ग्राहक, वस्तू, तारीख यांच्या व्याख्या पहिल्या दिवसापासून समान ठेवाव्या लागतात. किंबॉल यांनीही हे बजावून ठेवलेलं आहे.

परताव्याचे मोठे आकडे

पहिल्या पिढीतल्या प्रस्तावांचा आधार होता परताव्याची टक्केवारी. १९९६ मध्ये आयडीसी या संशोधन संस्थेने ६२ संस्थांच्या वेअरहाऊस प्रकल्पांचा अभ्यास केला. तीन वर्षांचा सरासरी परतावा निघाला ४०१ टक्के. पुढे कित्येक वर्षं विक्रेत्यांच्या सादरीकरणात हा आकडा पहिल्याच स्लाइडवर असे. त्याच अभ्यासातली दुसरी माहिती मात्र क्वचितच सांगितली गेली. निम्म्या संस्थांचा परतावा १६० टक्क्यांच्या वर होता, म्हणजेच उरलेल्या निम्म्यांचा त्याच्या खाली. थोड्या संस्थांना प्रचंड फायदा झाला आणि त्यांनी सरासरी वर खेचली. शिवाय हा अभ्यास ज्यांच्याकडे वेअरहाऊस उभं राहिलं त्यांचा होता. ज्यांचा प्रकल्प अर्ध्यावर बुडाला, ते अशा यादीत येत नाहीत. दुसऱ्याच्या सरासरीवर आपला प्रस्ताव उभा करू नये, हा यातला पहिला धडा.

उलट बाजूचा आकडाही तितक्याच जपून वापरायला हवा. २००५ मध्ये गार्टनर या संशोधन संस्थेने म्हटलं होतं की २००७ पर्यंत निम्म्याहून जास्त वेअरहाऊस प्रकल्पांना मर्यादित स्वीकार मिळेल किंवा ते फसतील. हे भाकीत होतं. पुढे ते मोजून काढलेलं सत्य असल्यासारखं उद्धृत होत राहिलं. भीतीच्या आकड्यावर प्रस्ताव नाकारणं आणि लोभाच्या आकड्यावर मंजूर करणं, दोन्हींत आपल्या कंपनीचा विचार कुठेच नसतो.

दोन गाजलेली उदाहरणं

या विषयात कॉन्टिनेंटल एअरलाइन्सचं उदाहरण पुन्हा पुन्हा दिलं जातं, आणि ते योग्यच आहे. ही अमेरिकन विमान कंपनी १९८३ आणि १९९० अशी दोनदा दिवाळखोरीत गेली होती. १९९४ मध्ये गॉर्डन बेथ्यून यांच्या हाती सूत्रं आली. विमानं वेळेवर सोडायची, तोट्यातले मार्ग बंद करायचे, ग्राहकांचा विश्वास परत मिळवायचा, असा साधा कार्यक्रम त्यांनी आखला. वेअरहाऊस उभं राहू लागलं ते त्यानंतर, १९९८ पासून. पुढे ते जवळजवळ त्या-त्या क्षणाची माहिती देऊ लागलं. विमानाला उशीर झाला तर कोणत्या महत्त्वाच्या प्रवाशांचं पुढचं विमान चुकणार, हे विमानतळावरच्या कर्मचाऱ्यांना आधीच कळू लागलं. ह्यू वॉटसन, बार्बरा विक्सम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार सहा वर्षांत सुमारे ३ कोटी डॉलर खर्च झाले, आणि वाढलेलं उत्पन्न व वाचलेला खर्च मिळून लाभ होता सुमारे ५० कोटी डॉलरचा.

अमेरिकेतल्याच टेनेसी राज्यातल्या फर्स्ट अमेरिकन कॉर्पोरेशन या बँकेची कहाणी त्याआधीची. १९९० मध्ये तिला ६ कोटी डॉलरच्या आसपास तोटा झाला होता आणि नियामकांची नजर तिच्यावर होती. नव्या व्यवस्थापनाने प्रत्येक ग्राहकाला त्याच्या गरजेप्रमाणे सेवा देण्याचं धोरण ठरवलं. कोणता ग्राहक बँकेला किती मिळवून देतो, हे कळल्याशिवाय ते धोरण राबवणं अशक्य होतं, म्हणून वेअरहाऊस उभारलं. बँक नफ्यात आली आणि तिचा अभ्यास २००० मध्ये 'एमआयएस क्वार्टर्ली'त प्रसिद्ध झाला.

या दोन्ही ठिकाणचा क्रम लक्षात घ्यावा. आधी धोरण ठरलं, मग त्या धोरणाला लागणारे प्रश्न ठरले, आणि त्या प्रश्नांसाठी गोदाम बांधलं गेलं. आपल्याकडे बहुतेक प्रस्ताव उलट दिशेने चालतात. साधन आधी ठरतं आणि त्यासाठी उपयोग शोधला जातो. वॉटसन आणि विक्सम यांनीच २००१ मध्ये १११ संस्थांचं सर्वेक्षण प्रसिद्ध केलं. त्यातही यशाच्या मुळाशी वरिष्ठांचा पाठिंबा, पुरेशी साधनं, वापरणाऱ्यांचा सहभाग आणि संघाचं कौशल्य याच गोष्टी दिसल्या.

नियामक जेव्हा विचारतो

काही प्रकल्पांत नफ्याचा प्रश्न मागे पडतो. सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स ही अमेरिकन गुंतवणूक बँक कोसळली तेव्हा मोठमोठ्या बँकांना आपले तिच्यात एकूण किती पैसे अडकले आहेत, हे चटकन सांगता येईना. माहिती होती, पण वेगवेगळ्या यंत्रणांत विखुरलेली. त्यातून जानेवारी २०१३ मध्ये बँकांच्या देखरेखीचे आंतरराष्ट्रीय निकष ठरवणाऱ्या बेसल समितीने जोखमीची माहिती एकत्र करण्याविषयी १४ तत्त्वं जाहीर केली. जगभरच्या मोठ्या बँकांतले वेअरहाऊसचे प्रस्ताव त्यानंतर परताव्याबरोबर अनुपालनाच्या आधारावरही मंजूर होऊ लागले.

आपल्याकडे मुंबईच्या रिझर्व्ह बँकेचा प्रवास याच दिशेने झाला. तिने २००४ मध्ये आपल्या माहितीकोशाचा मोठा भाग 'डेटाबेस ऑन इंडियन इकॉनॉमी' या नावाने सर्वांसाठी खुला केला. २०१० मध्ये बँकांकडून येणारी विवरणपत्रं माणसाचा हात न लागता थेट मूळ यंत्रणेतून यावीत, असा आराखडा मांडला. ३० जून २०२३ रोजी 'सेंट्रलाइज्ड इन्फर्मेशन मॅनेजमेंट सिस्टिम' हे नवं माहितीगोदाम सुरू केलं. देशात सर्वांत जास्त नागरी सहकारी बँका महाराष्ट्रात आहेत. त्यांच्यापैकी लहान बँकांत आजही विवरणपत्रांच्या दिवसांत कर्मचारी रात्री उशिरापर्यंत आकडे जुळवत बसतात. त्यांच्यासाठी प्रस्तावातली पहिली ओळ नफ्याची असण्याची गरज नाही. 'वेळेवर, चूक न होता आणि कोणत्याही क्षणी तपासता येईल असं विवरणपत्र', एवढं कारण पुरेसं सबळ आहे.

फायद्याची चार खाती

फायदे एकाच पिशवीत भरले की प्रस्ताव कमकुवत होतो. ते चार वेगळ्या खात्यांत लिहावेत.

पहिलं खातं थेट रोकडीचं. बंद होणारी जुनी लायसन्स, कमी होणारं व्याज, न बुडणारे क्लेम, वेळेत पकडलेला इनपुट टॅक्स क्रेडिटमधला फरक. १ ऑगस्ट २०२३ पासून वार्षिक ५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्या उद्योगांना ई-इनव्हॉइस बंधनकारक झालं. त्यामुळे मध्यम कंपन्यांकडेही बिलांची स्वच्छ डिजिटल नोंद आता तयार असते, आणि या खात्यातले फायदे मोजणं पूर्वीपेक्षा सोपं झालं आहे.

दुसरं खातं वाचलेल्या वेळेचं. इथे सर्वांत जास्त फुगवटा होतो. वीस माणसांचे महिन्याला तीन दिवस वाचले म्हणून पगाराचा खर्च कमी होत नाही. नवी भरती टळली, ओव्हरटाइम थांबला किंवा त्या दिवसांत ठरवून दुसरं कमाईचं काम झालं, तरच ते पैसे खरे.

तिसरं खातं चांगल्या निर्णयांचं. सर्वांत मोठी रक्कम इथेच असते आणि सिद्ध करायला सर्वांत अवघडही तीच. चौथं खातं जोखीम आणि अनुपालनाचं. त्यात टळलेला दंड, टळलेली फसवणूक, लेखापरीक्षणातली निश्चिंती येते. या खात्याला ओढूनताणून रुपयांत बसवू नये. शब्दांत स्पष्ट लिहिलं तर मंजूर करणाऱ्यांना ते समजतं.

खर्चाची न दिसणारी बाजू

कोटेशनमध्ये सॉफ्टवेअर आणि साठवणुकीचा खर्च ठळक असतो. खरा खर्च माहिती आणण्यात, स्वच्छ करण्यात आणि भरण्यात असतो. या कामाला ईटीएल म्हणतात. वेअरहाऊस उभारण्यासाठी आणि चालवण्यासाठी लागणाऱ्या साधनांपैकी जवळपास ७० टक्के या कामात जातात, असा किंबॉल यांचा अंदाज आहे. ते का, हे मी एका स्टोअरमध्ये बसून पाहिलं. एकच ब्रेक पॅड तीन नावांनी नोंदवलेला होता : 'ब्रेक पॅड फ्रंट', 'बी/पॅड एफआर' आणि 'डिस्क पॅड पुढचा'. तीन कोड, तीन साठे, तीन पुनर्खरेदीच्या पातळ्या. हे तिन्ही एकच आहेत हे कुठल्याही सॉफ्टवेअरला ठाऊक नव्हतं. बावीस वर्षं तिथे काम केलेल्या स्टोअरकीपर काकांनी खोका हातात घेतला, मागचा पार्ट नंबर वाचला आणि सांगितलं. हजारो वस्तूंसाठी हे काम कुणीतरी करायचं असतं, आणि त्या माणसाचे दिवस प्रस्तावात लिहिलेलेच नसतात. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

क्लाउडने खर्चाचा आकार बदलला, हे मान्य करायलाच हवं. नोव्हेंबर २०१२ मध्ये ॲमेझॉनने रेडशिफ्ट हे क्लाउडवरचं वेअरहाऊस जाहीर केलं तेव्हा वर्षाला एका टेराबाइटमागे १,००० डॉलरहून कमी दर सांगितला. जुन्या पद्धतीच्या वेअरहाऊसला तेवढ्यासाठीच १९,००० ते २५,००० डॉलर लागतात, असा त्यांचा दावा होता. गुगलचं बिगक्वेरी आणि स्नोफ्लेक यांनी साठवणूक आणि गणनेचा खर्च वेगळा केला, वापराल तेवढेच पैसे द्या अशी सोय आली. मोठी यंत्रं आधी विकत घेण्याची गरज उरली नाही. त्याचबरोबर खर्च एकदाचा राहिला नाही, दरमहा येऊ लागला. बेफिकीरपणे लिहिलेली एखादी क्वेरी दर पंधरा मिनिटांनी चालत राहिली तर महिनाअखेरचं बिल पाहून घाम फुटतो. म्हणून प्रस्तावात मासिक खर्चाची मर्यादा आणि ती कोण पाहणार, हे लिहिलेलं हवं.

आणखी एक बाब आता टाळता येणार नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहितीच्या सुरक्षेची पुरेशी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ग्राहकांची सगळी माहिती एका जागी आणणं म्हणजे जबाबदारीही एका जागी आणणं. कुणाला काय दिसेल, कोणती माहिती किती काळ ठेवायची, याच्या बंदोबस्ताचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरावा.

एक हिशेब, कागदावर

आता एक नमुना हिशेब मांडतो. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, पण घडण खऱ्या व्यवसायाची आहे. समजा, १२ डेपो असलेला एक वितरक आहे आणि त्याचा सरासरी साठा ६० कोटींचा आहे. साठा ५ टक्क्यांनी कमी झाला तर ३ कोटी सुटतात. अनेक प्रस्तावांत हे ३ कोटीच फायदा म्हणून लिहिलेले असतात, आणि ते चूक आहे. तो अडकलेला आपलाच पैसा मोकळा झाला. तो कॅश क्रेडिट कमी करायला वापरला, तर १० टक्के दराने वाचलेलं वर्षाचं ३० लाख व्याज हा फायदा.

उत्पादक कंपन्यांकडून येणारे स्कीमचे क्लेम वर्षाला ४ कोटींचे. त्यातले ५ टक्के, म्हणजे २० लाख, मुदत चुकल्याने बुडतात. निम्मे वाचतील असं धरू : १० लाख. आकडे जुळवण्यात २० माणसांचे महिन्याला तीन दिवस जातात. दिवसाला २,००० रुपये धरले तर वर्षाला १४ लाख ४० हजार. त्यातले साधारण निम्मेच खरे मानू : ७ लाख. एकूण वार्षिक फायदा ४७ लाख.

सगळ्या विभागांचं वेअरहाऊस उभारायला ६० लाख आणि चालवायला वर्षाला २५ लाख लागतात. पहिल्या चालू वर्षी फायदा ६० टक्केच मिळेल, म्हणजे सुमारे २८ लाख. त्या वर्षी हाती उरतात ३ लाख आणि पुढची तीन वर्षं दरसाल २२ लाख. चार वर्षांची साधी बेरीज केली तर ६० लाख वसूल होऊन वर ९ लाख उरतात. पण आज घातलेला रुपया आणि चार वर्षांनी मिळणारा रुपया सारखे नसतात. पुढचे पैसे १२ टक्के दराने आजच्या किमतीत आणले, तर प्रकल्प सुमारे १० लाखांच्या तोट्यात जातो.

इथे बहुतेक लोक एकतर फाइल बंद करतात, नाहीतर फायद्याचे आकडे वाढवून ती पुन्हा पाठवतात. तिसरा मार्ग असतो. फक्त साठा आणि क्लेम हे दोनच विषय घ्यायचे. उभारणी ३५ लाख, चालवण्याचा खर्च १४ लाख, फायदा ४० लाख. पहिल्या वर्षी हाती १० लाख, मग दरसाल २६ लाख. दोन वर्षांत गुंतवणूक वसूल होते आणि चार वर्षांत, त्याच १२ टक्के दराने, आजच्या किमतीत सुमारे ३० लाखांचा निव्वळ लाभ दिसतो. हिशेबाने प्रकल्प नाकारला नाही. त्याने प्रकल्पाचं योग्य आकारमान सांगितलं.

अजून एक पायरी राहते, आणि घोडं तिथेच पेंड खातं. साठा ५ ऐवजी अडीच टक्क्यांनीच कमी झाला तर? फायदा ४० वरून २५ लाखांवर येतो. चार वर्षांत ३५ लाखही पूर्ण वसूल होत नाहीत, लाखभर कमीच पडतो. म्हणजे सगळा प्रस्ताव एका गोष्टीवर उभा आहे : खरेदीप्रमुख साठा खरोखर कमी करतील का? मार्चअखेर उत्पादक कंपनीचं टार्गेट गाठून वार्षिक सूट मिळवण्यासाठी ते जादा माल उचलतात आणि त्यांचं कौतुकही त्या सुटीवरच होतं. वेअरहाऊस त्यांना पडून राहिलेला माल दाखवेल. पण त्यांचं मूल्यमापन सुटीवरच होत राहिलं, तर ते पुढच्या मार्चमध्येही तेवढाच माल उचलतील. मग ३० लाखांचा फायदा येणार कुठून? या प्रस्तावावर आयटी विभागाइतकीच खरेदीप्रमुखांची सही हवी, आणि त्यांच्या कामगिरीच्या निकषात साठ्याचा व्याजखर्च यायला हवा. हे लिहून झाल्याशिवाय प्रस्ताव पुरा झाला असं मी मानत नाही.

पर्याय आणि मुदत

चांगल्या प्रस्तावात किमान तीन पर्याय शेजारी-शेजारी मांडलेले असतात. पहिला 'जैसे थे', त्याच्या खऱ्या खर्चासह. काहीच न करणं फुकट नसतं. दुसरा, आहे त्या ईआरपीतले अहवाल सुधारणं. सगळी माहिती एकाच यंत्रणेत असेल आणि प्रश्न चालू महिन्याचेच असतील, तर हाच पर्याय योग्य असतो, आणि तसं प्रामाणिकपणे सांगावं. तिसरा, लहान सुरुवात करून वाढवत नेलेलं वेअरहाऊस. आता कृत्रिम बुद्धिमत्तेचं कारण पुढे करून मोठमोठे प्रस्ताव येतात. त्यांनाही हीच कसोटी लावावी. ज्या कंपनीत विक्रीच्या तीन व्याख्या आहेत, तिथे यंत्राला विचारलेल्या प्रश्नाचीही तीनच उत्तरं येतील.

मुदत टप्प्यांत बांधावी. पहिला उपयोगी अहवाल तीन ते चार महिन्यांत लोकांच्या हाती पडला पाहिजे, आणि पुढच्या टप्प्याचे पैसे आधीच्या टप्प्याचा फायदा तपासूनच सुटले पाहिजेत.

मंजुरीनंतर

या क्षेत्रातली सर्वांत मोठी उणीव मला इथे दिसते. प्रस्ताव मंजूर झाला की तो फाइलमध्ये जातो. वर्षाने कुणी तो उघडून विचारत नाही की ठरवलेले ४० लाख आले का? तुलनेसाठी आधीची स्थिती नोंदवलेली नसेल तर हा प्रश्न विचारताही येत नाही. म्हणून काम सुरू होण्याआधी साठा किती, बुडालेले क्लेम किती, आकडे जुळवायला किती दिवस लागतात, हे मोजून सही-शिक्क्यासह ठेवावं. सहा महिन्यांनी, वर्षाने आणि दोन वर्षांनी तेच पुन्हा मोजावं. फायदा कमी आला तरी ते लिहावं, कारण पुढचा प्रस्ताव त्याच्या आधारे नीट होतो.

वितरक, सहकारी बँका, दूध संघ, साखर कारखाने, रुग्णालयं, सगळीकडे आज माहिती साठत चालली आहे. तिचा उपयोग व्हावा असं मनापासून वाटणाऱ्या प्रत्येकाला एक विनंती. प्रस्तावाच्या पहिल्या पानावर सॉफ्टवेअरचं नाव लिहू नका. तिथे तीन गोष्टी लिहा : कोणता निर्णय बदलणार, तो कोण बदलणार, आणि किती तारखेपर्यंत. या तीन ओळी भरता आल्या तर पुढचा हिशेब जमतो. भरता आल्या नाहीत, तर कोटेशन कितीही स्वस्त असलं तरी सही करू नका.